चांदीचं तळं

जनावरांच्या दवाखान्याच्या रांगेत नीतू झोपलेलं लेकरू खांद्यावर घेऊन उभी होती. पुढे तिची सासू मनकर्णाबाई आपल्या लेकाशी, धर्मेंद्रशी, वाद घालत होती.

“चांदी गायीले तळ्यावर काऊन नाही न्यायची? थे तळं आपल्या पुरख्याईनं बांधलं, डॉक्टरच्या नाही.”

“माय, तिथल्या शंखातल्या गोगलगायींपासून पोटात जंत होतेत. म्हणूनच चांदी गाभण राहून नाही राहिली.”

“तिची आजी तं तिथंच चरे! सालोसाल वासरू दे. तळ्याच्या पाळीवरून मी हाक मारली का पाण्यातून धावत ये.”

“तवाचं तवा गेलं, माय. दवा पाजून घरीच चारा नाही दिला, तं भाकड राहीन. मंग इकाच लागन.”



“बांध मंग आंगणातच. सांजचं मी एकटीच जाईन तळ्यावर.”