फौजदाराची गंधमुक्ती, ठिकाण राहत्या घरी

जबाब

मी, सुनंदाबाई नथ्थू बोंडे, वय ४९ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार जामनेर, जिल्हा जळगाव, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती नथ्थू यांच्यासह राहते. पती बाजार समितीत मापाडी आहेत, कापसाचे वजन करतात. गेल्या वर्षापासून ते मोबाईलवर दिसणाऱ्या 'बांधावरचा फौजदार' या अहिराणी मालिकेत फौजदार हिलाल याचे काम करतात. मालिका धुळ्याची पोरे काढतात. विहिरींवरच्या मोटारी आणि केबल चोरणाऱ्या टोळीचा तपास, असा तिचा विषय आहे. पती खरे फौजदार नाहीत. गणवेश मी शिवलेला आहे, पोटाशी दोनदा उसवून सैल केला आहे. खांद्यावरचे तारे कुठून आणले ते मला माहीत नाही, ते धुळ्याच्या पोरांना विचारावे.

परवा शनिवारी संध्याकाळी मालिकेचे शेवटचे दोन भाग लागोपाठ आले. शेवटून दुसऱ्या भागात टोळीचा म्होरक्या म्हणजे फौजदाराचा सख्खा मोठा भाऊ निघतो. शेवटच्या भागात तो भाऊ पश्चात्ताप होऊन सगळे कबूल करायला निघतो, टोळीवाले त्याच्यावर गोळी झाडतात आणि फौजदार मध्ये येतो. कापसाच्या शेतात पडतो. इथेच भाग संपतो.

त्यानंतर आमच्याकडे फोनचा नुसता कहर झाला. कोणी रडत होते, कोणी शिव्या देत होते. बाजारपेठेतले कापड दुकानदार प्रकाशचंद शेठजी पतींना म्हणाले, "नथ्थूभाऊ, हा काय न्याय झाला? चोर जिवंत आणि तुम्ही गेले? माझ्या घरी कोणी जेवलं नाही." पती सगळ्यांना सॉरी म्हणत होते, जणू यांनीच गोळी झाडली. शेवटी मी मोबाईल हिसकून बंद केला आणि पिठाच्या डब्यात ठेवला. ही माझी चूक पुढे नडली, म्हणून सांगते.

रविवारी सकाळी मी दळण घेऊन येत असता चौकात गर्दी दिसली. वर बघते तर माझ्या नवऱ्याचा फोटो, गणवेशातला, त्याला हार, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नथ्थूभाऊ बोंडे हे नाव हाताएवढ्या अक्षरात आणि 'फौजदार हिलाल' मुंगीएवढ्या. त्याच्याही खाली 'गंधमुक्ती, ठिकाण राहत्या घरी'. आमच्याकडे माणूस गेल्यावर दहाव्या-अकराव्याला जो विधी करतात, त्याला गंधमुक्ती म्हणतात, हे साहेबांना माहीत आहे, तरी लिहा. माझ्या हातातली पिठाची पिशवी तिथेच पडली. नवरा घरी दाढी करत बसला होता, हे मला ठाऊक होते. तरी मी कपाळाला हात लावून कुंकू आहे का ते बघितले. हे लिहायचे नसेल तर राहू द्या.

चौकशी करता बॅनर कुंदन फ्लेक्सवाला याने लावल्याचे समजले. कुंदन हा दोन लेकरांचा बाप आहे. मी त्याला विचारले, "मेल्या, जित्या माणसाला हार घालतो?" तो डोळे पुसत म्हणाला, "काकू, हिलालभाऊ माझा जीव होता." गंधमुक्तीचे काय, तर म्हणे ती ओळ तयार नमुन्यात असतेच, काढायची राहिली. मी तशीच या ठाण्यात आले आणि तक्रार दिली. तेव्हा कुंदनला आत टाका, असे म्हटले होते ते खरे आहे. रागात होते.

तक्रार देऊन घरी गेले तर दारात जीप उभी. साक्रीकडच्या एका खेड्यातल्या बाया पहाटेच निघून आल्या होत्या. त्यांची पुढारी धुरपदाबाई नावाची, वयाने माझ्याहून मोठी. मयताच्या घरी सांत्वनाला जाऊन बसतात त्याला दारवर जाणे म्हणतात, तशा त्या ओट्यावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि गळा काढत होत्या, "आमना फौजदार गया वं माय!" मी म्हटले, "बाई, माझा नवरा आत आहे." धुरपदाबाई म्हणाली, "माले माहीत शे ना बहीण. तुना नवरा जित्ता शे, पन आमना फौजदार गया. त्यानं घर कोठे शे? मंग आठेच बसनूत." म्हणजे फौजदाराला घर नाही, म्हणून आमच्याकडेच बसलो, असे तिचे म्हणणे. पतींनी आत चहा ठेवला. स्वतःच्या दारवर आलेल्यांना चहा करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

साहेबांनी विचारले की यात तक्रारीचे काय. सांगते.

माझे जेठ, म्हणजे पतींचे मोठे भाऊ जीवराम, मुक्ताईनगरजवळच्या गावी केळीची शेती करतात. त्यांचे आणि आमचे बरेच दिवस येणे-जाणे नाही. पुतण्याच्या लग्नात मांडवात टॉवेल-टोपीचा मान झाला. माईकवर सगळ्यांची नावे पुकारली. व्याही झाले, मामा झाले, जनरेटरवाल्यालासुद्धा टोपी मिळाली. सख्ख्या चुलत्याचे नाव कोणी पुकारले नाही. पती पंगतीतून न जेवता उठले. जेठ म्हणाले, "चुकून राह्यलं." पती म्हणाले, "परका राह्यतो, भाऊ कसा राह्यतो?" झाले, तेव्हापासून दोघांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एकाच बापाच्या नावाने दोन घरी दोन घागरी भरल्या जातात. पती घागरीला नमस्कार करतात आणि मग रस्त्याकडे तोंड करून बसतात. मला हे बघवत नाही. टोपीची किंमत ती काय, पण दोन्ही माणसे वाळत चालली होती.

तर रविवारी कोणीतरी त्या बॅनरचा फोटो मोबाईलवर पाठवला आणि तो फिरत फिरत जेठांच्या गावी गेला. पुतण्याने आम्हाला फोन लावला, पण आमचा फोन पिठाच्या डब्यात. जेठ तसेच अंगावरच्या कपड्यानिशी मोटारसायकलवर मागे बसून निघाले. मयताला घालायला नवे कापड लागते म्हणून जामनेरला आल्यावर ते प्रकाशचंद शेठजींच्या दुकानात उतरले. शेठजी त्यांना ओळखत नव्हते. जेठांनी टॉवेल-टोपी मागितली आणि विचारले, "नथ्थू बोंडे गेले, ते खरं हाय का हो?" शेठजींना वाटले, हाही मालिका पाहणारा. ते म्हणाले, "हो ना भाऊ. काल संध्याकाळीच. भावासाठी गेला बिचारा. भाऊ भाऊ करतच गेला." हे शेठजींनी काल रात्री घरी येऊन कान धरून कबूल केले. त्यांचा वेगळा जबाब घेण्याची गरज नाही.

पुढचे माझ्या डोळ्यांसमोर घडले. जेठ गल्लीच्या तोंडाशी आले आणि त्यांना ओट्यावर रडणाऱ्या बाया दिसल्या. मग काय राहिले? तिथूनच त्यांनी "नथ्थ्या रे!" म्हणून जो हंबरडा फोडला, तो ऐकून साक्रीच्या बाया गप्प झाल्या. त्यांचे रडणे ते त्यांचे, पण हे वेगळे आहे, हे त्यांना कळले. जेठ उंबऱ्याशी येऊन कोसळले आणि उंबऱ्यावर डोके आपटत म्हणाले, "मीच पुकारलं नाही रे तुले. माईक माह्याच हातात होता."

तेवढ्यात पती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले.

जेठांनी वर पाहिले. मग जेठ म्हणाले, "तू जित्ता हाय?" पती म्हणाले, "हो." जेठ म्हणाले, "मंग आठी मेलं कोन?" धुरपदाबाई म्हणाली, "आमना फौजदार." जेठांनी तोंडावर हात ठेवला आणि विचारले, "हिलाल? हिलाल मेला?" तेव्हा आम्हाला समजले की जेठ पहिल्या भागापासून सगळी मालिका पुतण्याच्या मोबाईलवर चोरून पाहत होते. शेवटचा भाग तेवढा राहिला होता, कारण गावात लाईट गेली आणि मोबाईलची बॅटरी संपली. पतींच्या हातातला ट्रे मी घेतला नसता तर सगळा चहा जेठांच्या डोक्यावर गेला असता. त्यानंतर दोघे भाऊ जे काही करत होते, त्याला मारामारी म्हणावे की गळाभेट, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. शेजाऱ्यांनी भांडण समजून ठाण्याला फोन केला, तो यामुळेच.

मग धुरपदाबाईने निकाल दिला. कावळा डोक्याला शिवला तर जुनी माणसे आपल्या मरणाची खोटी बातमी सोयऱ्यांना पाठवायची. सोयरे रडले की अरिष्ट टळते आणि आयुष्य वाढते. ती म्हणाली, "सख्खा भाऊ रडना, आते तुना नवराले काय व्हत नही." असे जर असेल तर कुंदनला आत टाकून मी आमचेच आयुष्य कमी करून घ्यायचे का?

जेठ पिशवी लपवत होते. पतींनी ती ओढून घेतली, आत टॉवेल आणि टोपी. जेठ शरमेने म्हणाले, "अशुभ हाय, फेकून दे." पती म्हणाले, "मेल्यावर घालशील, मंग जित्तेपणी घालायला काय धाड भरली?" आणि मान खाली घालून उभे राहिले. जेठांच्या हातून टोपी दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा डोक्यावर बसली. साक्रीच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मी रडले.

सगळ्यांनी आमच्या घरी बसून शेवटचा भाग पुन्हा पाहिला. फौजदार पडला तेव्हा जेठांनी शेजारी बसलेल्या पतींचे मनगट धरून ठेवले. धुरपदाबाईचे म्हणणे असे की तिरडी दाखवली नाही, पिंडाला कावळा शिवला नाही, म्हणजे फौजदार मेलेला नाही आणि दुसऱ्या सिझनमध्ये तो उठणार. पतींना याबाबत काही माहीत नाही. जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी मला हेच तीन वेळा विचारले, त्यांनाही तेच सांगितले.

तरी माझी कुंदनविरुद्ध काही तक्रार नाही. बॅनर ठाण्यात जमा आहे तो आम्हाला द्यावा, कापड मागच्या बाजूने कोरे आहे, जेठांना केळीचे घड झाकायला पाहिजे. या आखाजीला घागर एकच भरायची आणि ती मुक्ताईनगरकडे, असे ठरले आहे. साहेबांनी विचारले की टॉवेल-टोपी पुरावा म्हणून हजर करता का. करत नाही. पतींनी टोपी कालपासून काढलेली नाही. आज कापूस तोलायलाही तीच घालून गेले आहेत.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना एका ठिकाणी 'मयत नथ्थू बोंडे' असे निघाले. बाहेर बाकावर कुंदनशेजारी बसलेले जेठ ते ऐकून आत आले आणि म्हणाले, "साहेब, मयत खोडा. हयात लिवा. ठळक लिवा." त्याप्रमाणे 'मयत' खोडून 'हयात' केले आहे आणि त्या खाडाखोडीवर मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे, ते खरे आहे.

समक्ष
सही/- सुनंदाबाई नथ्थू बोंडे