ओल्या बेसीचं कौतुक

ऐका. मेणबत्ती मधे ठेवा, आणि त्या खिडकीकडे कुणी बघू नका. वाराच आहे तो. बहुतेक.

ही गोष्ट शलाकाची. साताऱ्याची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., नवऱ्याच्या नोकरीपायी इंग्लंडातल्या एका खेड्यात जाऊन पडलेली. खेडं नदीकाठचं. तिकडचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, कुरकुरतो. पण सहा दिवस सलग कुरकुरला, आणि सातव्या दिवशी नदी उठून गावात आली!

संध्याकाळचे साडेचार. मिट्ट काळोख. हसू नका, नोव्हेंबरात तिकडे साडेचारलाच रात्र होते. फोन वाजला. शेजारच्या गावात जोन म्हणून बाई होती, शलाकाची दहा महिन्यांची अनू दिवसभर तिच्याकडे असायची. जोन म्हणाली, "पाणी माझ्या फाटकाशी आलंय. लवकर येऊन पोरीला ने."

नवरा लंडनला अडकलेला. शलाकाला गाडीचा परवाना मिळून दोनच महिने झालेले, तोही तिसऱ्या खेपेला. पहिल्या दोन खेपा रिव्हर्समध्ये गेल्या. पण जायला तर हवंच! पोर तिकडे, पाणी तिकडे.

बाहेर शेजारीण डोरीन, वय वर्षं एक्क्याऐंशी, दारात वाळूची पोती रचत होती.

"शॅला, खालच्या गल्लीनं जाऊ नकोस हं. तिथं ओली बेसी असते."

"कोण?"

"धोबीण होती. दीडशे वर्षांपूर्वी बुडाली. पूर आला की माणसं बोलावते. ओरडत नाही बाई, गोड बोलते. फार गोड."

शलाका मनात म्हणाली, मी शिकलेली आहे. मला भुतांची भीती नाही. मला भीती बुरशीची, तापाची आणि घशात अडकणाऱ्या द्राक्षांची. झालं, निघाली.

मोठा रस्ता बंद. लाल दिवे लावून आडवा केलेला. फोनमधली नकाशावाली बाई म्हणाली, डावीकडे वळा. शलाका वळली. आता हीच ती खालची गल्ली, हे तिला कुठं ठाऊक? बेसीच्या नावाची पाटी थोडीच असते! पाटी होती, पण तिच्यावर लिहिलं होतं, फोर्ड.

शलाकाला केवढं हायसं वाटलं! फोर्ड! म्हणजे पुढं मोटारींची शोरूम असणार. दिवे असतील, माणसं असतील, कदाचित कॉफीसुद्धा मिळेल.

गेली पुढं. दोन्हीकडे उंच कुंपण, मधे एक गाडी जाईल एवढीच वाट. डाव्या हाताला एक फाटक लागलं. फाटकाशी गुरांना पाणी प्यायला ठेवलेला जुना बाथटब. बरं. पुढं गेली. वळण. फाटक. बाथटब! असतील इथं दोन, म्हणाली. पुढं गेली. वळण. फाटक. बाथटब! आणि या खेपेला तो काठोकाठ भरून वाहतोय!

साताऱ्याच्या पोरीला लगेच कळलं. चकवा. इंग्लंडात चकवा!

तेवढ्यात फोन बोलला. "सरळ ये." मराठीत! नवऱ्यानं तो इंग्रजीवर ठेवलेला, आणि मराठीत! आवाज कुणाचा? सासूबाईंचा. हुबेहूब!

"थांबलीस का गं? लेकरू वाट बघतंय. आण गाडी पुढं."

शलाकाचा पाय आपोआप दाबला गेला. सासूबाईंचा आवाज ना तो, सवयच तशी. चाकाशी पाणी चुळचुळलं. मग दाराशी.

"ये, ये. एवढ्या पावसात एकटी निघालीस! किती गुणाची आई गं तू. मला तर बाई तुझं कौतुकच वाटतं."

करकचून ब्रेक!

कौतुक? चार वर्षांच्या संसारात सासूबाईंनी एकदा तिच्या कोशिंबिरीला 'बरी' म्हटलं होतं, तेही पाहुण्यांसमोर. आणि फोनवर त्यांचा पहिला प्रश्न रोज एकच, अनूला टोपी घातलीस का? शलाकानं विचारलं, "आई, अनूच्या टोपीचं काही विचारायचं नाही का?"

पाऊस टपटप. मग आवाज आला,

"कसली टोपी?"

मेले! शलाकानं रिव्हर्स टाकला. रामरक्षा सुरू केली, तीही मधूनच. जी गाडी परीक्षेत कधी सरळ मागं गेली नाही, ती पाण्यातून सुतासारखी मागं आली, चढावर, थेट बाथटबापाशी! तिथं तिनं इंजिन बंद केलं, दिवे चालू ठेवले. चकवा लागला की आहे तिथं बसून राहायचं, हे गावाकडं शेंबडं पोरही जाणतं. बसली.

आता आवाज बदलला. "अशी कशी गं आई तू? पोर तिकडे, आणि तू इथं बसून?"

पण हा प्रश्न शलाका स्वतःला रोज विचारायची, दुपारच्या जेवणाआधी चार वेळा. त्याला ती सरावलेली. दहा मिनिटं गेली. वीस गेली. पाणी चढ चढायला लागलं.

आणि फाटकापलीकडून, वरच्या शेतातून, धडधड धडधड! ट्रॅक्टर! वर जोनचा नवरा टेड, कोटाच्या आत अनू.

"आमच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं, म्हणून वरच्या वाटेनं हिला तुझ्याकडेच आणत होतो," टेड म्हणाला. "एका जागी दिवे दिसले म्हणून वळलो. पण तू या गल्लीत का आलीस? पाटी नाही वाचलीस?"

"वाचली की. मला वाटलं, गाड्यांचं दुकान असेल."

टेड असा हसला, की ट्रॅक्टरही हलला. "अगं, फोर्ड म्हणजे नदीचा उतार! पुढं नदीच रस्त्यावरून जाते. आज तिथं सात फूट पाणी आहे."

शलाकानं हात पुढं केले, तर अनू टेडची मिशी सोडायला तयार होईना.

तर ती गल्ली तिकडं अजून आहे. उन्हाळ्यात खुशाल जा, कुंपणावर ब्लॅकबेरी पिकतात, उतारावर घोट्याएवढं पाणी असतं. पावसात नाही. नकाशा म्हणू दे, सासू म्हणू दे, मी स्वतः म्हणू दे, नाही म्हणजे नाही! अडलात तर मागं या आणि बसा. उशिरा आलेली आई पोराला चालते. हाताशी मिशी असली, तर त्याला कळतसुद्धा नाही.