फरगान्याला निघालेली वच्छलामावशी

मंडळी,

वंदना झाली, भंतेजी बोलले, आणि मग मावशीच्या मुलानं, मिलिंदनं, माझं नाव घेतलं. मला माणसांपुढं बोलायची सवय आहे. कामावर रोज बायांपुढं बोलते. आज मात्र त्या कोपऱ्यापासून इथवर यायला मला वेळ लागला. तुम्ही पाहिलं असेल.

तुम्ही हातातली कामं टाकून विहारात आलात. जानेफळहून मावशीच्या माहेरची माणसं दोन गाड्या करून आली. तुम्ही तिला जन्मापासून ओळखता. मी अकरा वर्षं. तेव्हा वच्छलामावशी कशी होती हे मी तुम्हाला सांगायला नको. मी फक्त एक गोष्ट सांगते. ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अर्धीच माहीत आहे.

मी शोभा. देऊळगाव राजाला बियाणं कंपनीत सुपरवायझर होते. आता उझबेकिस्तानात असते, पाच वर्षं होतील. परवा आले. मावशीच्या अंत्यविधीला मी नव्हते. हे आधीच सांगते, कारण लांब जायचं की नाही याचा विचार आम्ही दोघींनी जेव्हा केला, तेव्हा ही गोष्टही विचारात धरली होती.

मावशीचा हात तुम्हाला माहीत आहे. टोमॅटोचं फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळी उघडायची, आतले पिवळे केसर चिमट्यानं अलगद काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचे पराग तिथं टेकवायचे. क्रॉसिंग म्हणतो आपण. आपल्याकडच्या शेकडो बाया हे करतात. मावशीनं हात लावलेली कळी सहसा गळायची नाही. नवी बाई आली की मी तिला मावशीच्या ओळीत उभी करायची. मावशी बोलायची नाही. हात दाखवायची. मी डिप्लोमा केलेली, पण फुलाचं काम मी तिच्याकडूनच शिकले.

मग एक दिवस साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. उझबेकिस्तानात, फरगाना नावाच्या भागात, एका मोठ्या हरितगृहात बियाण्याचं काम सुरू होत होतं. तिथल्या बायांना शिकवायला दोघी हव्या होत्या, एक सुपरवायझर आणि एक हाताची पक्की बाई. पुरुष नको, असं तिकडूनच कळवलं होतं. करार तीन वर्षांचा. काम जमलं तर पुढं तिथंच राहायचं. वर्षातून एकदा सुट्टी.

मी हो म्हणायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. मावशीनं दीड महिना घेतला.

त्या दीड महिन्यात गावानं काय काय सांगितलं ते आठवतं का? इथं बसलेलेच काही जण होते. कोणी म्हणालं, मुसलमानी देश आहे, डोक्यापासून पायापर्यंत झाकून घ्यावं लागेल. कोणी म्हणालं, बुद्धाची मूर्ती विमानतळावरच काढून घेतील. कोणी खाण्याचं सांगितलं. कोणी म्हणालं, तिकडं मेलीस तर माती कोण देईल. मावशी सगळ्यांचं ऐकून घ्यायची. कोणाला तोडून बोलायची नाही. घरी जाऊन त्यातली एकेक गोष्ट तपासायची.

आठवडी बाजारात सुलतानाबी बांगड्यांचं दुकान मांडायची. मावशीची जुनी मैत्रीण. मावशी तिच्याकडं गेली आणि विचारलं, तुमच्या लोकायच्या देशात बाईमाणसाचं कसं असते. सुलतानाबी हातातल्या बांगड्या मोजत होती, ती थांबलीच नाही. म्हणाली, "वच्छले, मी जालन्याच्या पुढं गेली नाही. मले काय इचारतं? मी काय साऱ्या मुसलमान देशायची पोलीस पाटील हाय का?"

मावशी हे सांगताना स्वतःच हसायची. म्हणायची, बरोबरच होतं तिचं. मग तिनं मलाच कामाला लावलं. तिथल्या हरितगृहातल्या बायांचे फोटो मागव म्हणाली. फोटो आले. बायांनी रंगीत रुमाल मागं गाठ मारून बांधले होते, बाह्या वर सरकवलेल्या होत्या, आणि दोघी-तिघी कॅमेऱ्याकडं बघून हसत होत्या. मावशीनं फोटो मोठा करून त्यांचे हात पाहिले. म्हणाली, या कामाच्या बाया हायेत.

पण तेवढ्यानं ती हो म्हणाली नाही.

आता मला माझं सांगावं लागेल. माझी सोडचिठ्ठी होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. गावाला माहीत आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. देऊळगाव राजा केवढंसं. बसस्टँडवर तो दिसायचा, बाजारात त्याची नवी बायको दिसायची. माणसं माझ्याकडं बघायची आणि मग एकमेकांकडं बघायची. मला कुठंही जायचं होतं. फरगाना कुठं आहे हे मी नकाशात पाहिलं ते हो म्हटल्यानंतर.

एका दुपारी आम्ही शेडनेटबाहेर डबे सोडून बसलो होतो. मावशी एरवी मला मॅडम म्हणायची, बायांसमोर तर नक्कीच. त्या दिवशी नावानं हाक मारली.

"शोभे, एक सांग. तू जाऊन राह्यली का पळून राह्यली?"

मला राग आला. मी डबा बंद केला आणि उठून गेले. दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिनंही विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिच्या ओळीत जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मावशी, मला माहीत नाही, दोन्ही असेल.

ती कळीतून नजर न काढता म्हणाली, "मंग ठीक हाय. मी येते."

असं ठरलं ते. मी पुढं कधीतरी विचारलं, माझ्यासाठी आलीस का. ती म्हणाली, थोडी तुझ्यासाठी, थोडी माह्यासाठी. म्हणाली, आयुष्यभर मले कामाले बोलावलं लोकायनं. पन तुमच्यावाचून होत नाही असं कोनी म्हनलं नव्हतं. एकदा जाऊन पाहावं वाटलं.

मिलिंद, तुझ्याबद्दल सांगते. तुला विचारूनच सांगते आहे. मिलिंदला हे पटलं नव्हतं. तो तेव्हा मला म्हणाला होता, लोक म्हणतील पोरानं म्हाताऱ्या मायले परदेशात कमवायले धाडलं. हेच तो आईलाही म्हणाला. मी तिथंच होते. मावशी चिडली नाही. तिनं त्याला एवढंच विचारलं, "वीस वर्षं मी लोकाच्या वावरात गेली. तवा तुले कोनी काई म्हनलं का?"

 दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर आईला मागं बसवून मिलिंद पासपोर्टचे कागद करायला घेऊन गेला. जन्माचा दाखला नव्हता, आधारवरचं नाव वेगळं होतं, चार फेऱ्या झाल्या. चारही वेळा तोच घेऊन गेला. मंडळी, हे गावाला माहीत नाही. गावाला फक्त तो नाही म्हणाला होता हे माहीत आहे.

मुंबईहून आम्ही ताश्कंदला उतरलो आणि तिथून मोटारीनं डोंगर ओलांडून फरगान्याला. बुद्धाची छोटी मूर्ती पिशवीतच होती. कोणी हात लावला नाही. डोकं झाकायला कोणी सांगितलं नाही. मावशी पदर घ्यायचीच. मटण ती खात नसे. ते तिथल्या बायांना समजवायला आठवडा लागला, आणि समजल्यावर त्या तिच्यासाठी वेगळा भात करायला लागल्या.

सगळं सोपं होतं असं मी सांगणार नाही. पहिला हिवाळा वाईट गेला. मावशीचे गुडघे धरले. संध्याकाळी चार भिंतींत आम्ही दोघीच, बाहेर बर्फ, आणि तिला बोलायला माझ्याशिवाय कोणी नाही. एकदा म्हणाली, इतकं गप मी नवरा मेला तवाबी नव्हती.

पण शब्द तिनंच शोधले. तिथं बाजाराला बोझोर म्हणतात, कांद्याला पियोझ, फुलाला गुल. मावशी म्हणायची, हे तं आपलंच हाय, जरासं वाकडं बोलतेत. आणि तिथल्या बाया तिला खोला म्हणायला लागल्या. खोला म्हणजे खाला. म्हणजे मावशी. मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहूनच तिला तेच नाव दिलं.

पहिल्या हंगामात फळं धरेनात. बायांचा हात जड पडायचा, कळीच मोडायची. मी कागदावर लिहून, दुभाष्याला सांगून थकले. मावशीनं एकीला स्वतःसमोर बसवलं. झुल्फिया तिचं नाव. तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तिच्या बोटांनी कळ्या उघडल्या, एक, मग दुसरी, मग तिसरी, सबंध दिवस. दुसऱ्या दिवशी दुसरी बाई. महिनाभरात ओळींत फळं धरायला लागली.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

दुसऱ्या वर्षी मावशीची बहीण वारली. अनसूयामाय. जानेफळची माणसं इथं आहेत, त्यांना आठवत असेल. फोन सकाळी आला. विमान मिळून इथं पोचायला तीन दिवस तरी लागले असते. मावशीनं फोन ठेवला आणि ती कामावर आली. मी म्हटलं, खोलीत थांब. ती म्हणाली, खोलीत कोन हाय.

झुल्फियाला तिच्या तोंडावरून कळलं. मी दुभाष्याकडून सांगितलं. दुपारी त्या सगळ्या आल्या, जवळजवळ पन्नास बाया. प्रत्येकीच्या हातात रुमालात बांधलेल्या रोट्या. त्या मावशीभोवती जमिनीवर बसल्या. एका वयस्कर बाईनं हळू आवाजात काही म्हटलं, सगळ्यांनी हात पुढं धरले, आणि शेवटी ते चेहऱ्यावरून फिरवले. काही जणी रडत होत्या. मग सगळ्या गप्प बसून राहिल्या. कोणी घाई केली नाही.

मावशी तोवर रडली नव्हती. तेव्हा रडली.

नंतर मला म्हणाली, "माह्या बहिनीले त्यायनं पाह्यलंबी नव्हतं. तरी आल्या."

तिला बहिणीच्या मातीला न पोचल्याचं दुःख शेवटपर्यंत होतं. मी ते कमी करून सांगणार नाही. ती म्हणायची, गेली हे चुकलं नाही, पन हे पोचता न येनं काई फिटत नाही. दोन्ही ती एका दमात म्हणायची, आणि एकासाठी दुसरं सोडायची नाही. इथून लांब जायचा विचार करणाऱ्या पोरी मला फोन करतात. आपल्याच तालुक्यातल्या आहेत. कोणाला कतार, कोणाला मलेशिया. ताई, जाऊ का, असं विचारतात. मी त्यांना मावशीचं हे वाक्य सांगते. हो म्हणत नाही, नको म्हणत नाही.

करार संपला तेव्हा मावशी परत आली. गुडघे, आणि नात झाली होती. मला राहायचं होतं. मला वाटलं, ती रागावेल. निघताना तिनं माझ्या खोलीतलं सामान लावून दिलं, खिडकी नीट लागत नव्हती ती सुताराकडून दुरुस्त करून घेतली, आणि म्हणाली, या घरात आता नीट राह्य. घर म्हणाली. तोवर आम्ही दोघीही त्याला खोलीच म्हणत होतो.

इथं आल्यावर ती पुन्हा शेडनेटला जायला लागली. दर रविवारी फोन करायची. झुल्फियालाही बोलावून घ्यायची, आणि दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. काय बोलायच्या, मला कधी पुरतं कळलं नाही.

तीन महिन्यांपूर्वी तिकडं फरगान्यात नवं हरितगृह झालं. नव्या बाया घेतल्या. कंपनी म्हणाली, वच्छलाबाई एका हंगामासाठी येतील का. मी फोनवर विचारलं. मावशी म्हणाली, पाहू. मी पुढच्या रविवारी विचारलं. पाहू. तिचा पाहू म्हणजे काय हे मला माहीत होतं, म्हणून मी मागं लागले नाही. मग तो मंगळवार आला. छातीत दुखलं, आणि दवाखान्यात न्यायच्या आत संपलं.

तेव्हा उत्तर मिळालंच नाही, असं मी कालपर्यंत धरून चालले होते.

काल ज्योतीनं, मिलिंदच्या बायकोनं, मला सांगितलं. त्या मंगळवारच्या दहा दिवस आधी मावशी सकाळच्या बसनं एकटीच देऊळगाव राजाला गेली होती. कशाला, ते सांगितलं नाही. परत आली तेव्हा पिशवीत फोटोग्राफरचं पाकीट होतं.

मंडळी, हा हार घातलेला फोटो पाहा. मागं पांढरा पडदा. पदर मागं घेतलेला, दोन्ही कान दिसताहेत. मावशी सरळ बघते आहे आणि हसत नाही. आपण असे फोटो घरात लावायला काढत नाही. व्हिसासाठी असाच लागतो. मिलिंदनं शोकसभेसाठी तोच मोठा करून आणला, कारण तो सगळ्यात अलीकडचा होता.

ती जाणारच होती, असं मी म्हणत नाही. ती तयारी करून ठेवायची आणि मग ठरवायची. मी काल मिलिंदला विचारलं, ती निघाली असती तर?  तो म्हणाला, "मी सोडाले गेलो असतो."

आता मी बसते. आपण उभे राहू. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. आज फरगान्यातही त्या बाया काम थांबवून उभ्या राहणार आहेत, झुल्फियानं तसं कळवलं आहे. वेळ मी तिला हीच दिली आहे.

वच्छलामावशी, तुला आम्हा सगळ्यांचं वंदन. इकडच्यांचं आणि तिकडच्यांचं.

उभे राहू या.