लाल ठिपक्यांची टोपली

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. मागच्या खेपेला तुम्ही त्या पोस्टरांचं विचारायला आलात, तुमच्या संग्रहासाठी, आणि मी म्हणालो मला काही आठवत नाही, तेव्हा ती टोपली तुमच्या डोक्यामागेच टांगलेली होती. आता ऐका. मध्ये थांबवू नका, थांबलो तर परत तोंड उघडणार नाही.

आम्ही घणसोली गावातलेच. खाडीकडेला भातशेती होती, ती नव्या शहरासाठी गेली, आणि मला कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून लावलं, तेही कायम नाही. काय सांगू तुम्हाला, सुपरवायझर नुसता खाकरला तरी मी हातातलं काम टाकून उभा राहायचो. वडील नव्हते, मी आणि आई. पडवीलगतची खोली भाड्याने दिली, तिथं वसंता आला. साताऱ्याकडचा, मुंबईत जाहिरातींची चित्रं काढायचा, केस पार मानेपर्यंत. आई मला म्हणाली, ह्यो बाप्या हाय का बाई रं? त्यानं ऐकलं, म्हणाला, आई, अजून ठरलं नाही. तेव्हापासून तो तिचा लाडका.

त्या वेळी मुंबईत पोरं भिंतींवर पोस्टरं चिकटवायची. सिनेमाची नव्हेत, पुढाऱ्यांचीही नव्हेत, स्वतःची. कुठं खुर्चीच माणसाला खातेय, कुठं बाई लाटणं घेऊन मंत्र्याच्या मागं लागलीय, कुठं नुसता डोळा आणि त्याला कुलूप. वसंता ती ओल्या फडक्यानं भिजवून भिजवून सोडवायचा, न फाटता, आणि मागं पेन्सिलीनं लिहायचा की कुठल्या भिंतीवरचं. त्याचा दोस्त पांडुरंग लग्नपत्रिकांच्या छापखान्यात कामाला होता, तो सुट्टीच्या दिवशी आमच्या खोलीत रेशमी जाळी ताणून स्वतःची पोस्टरं छापायचा. एक मला अजून दिसतं. सिमेंटच्या मिक्सरवर बगळा बसलाय, खाली लिहिलंय, माझं डबकं कुठं? आमच्याच गावावरचं होतं ते. एक प्रत वसंताच्या गठ्ठ्यात, बाकीच्या भिंतींवर, आणि जाळी धुऊन टाकायची, म्हणजे ते परत छापणं नाही. मी म्हणायचो, अरे रद्दी कसली जमवतोस? तो म्हणायचा, उद्या कोणी विचारलं, तरुण होतात तेव्हा काय म्हणत होतात, तर दाखवायला नको? गठ्ठा आमच्या माळ्यावर असायचा.

मग आणीबाणी आली. त्याच चित्रांची भीती वाटायला लागली. एका दुपारी पांडुरंग धापा टाकत आला, म्हणाला, दादा, वसंताला दादरला उचलला. गठ्ठा हलव. कुठं ठेवतोस ते मलाही सांगू नकोस, मला मारलं तर मी बोलेन. आणि पाणीही न पिता गेला.

तेव्हापासून मला झोप नाही, जेवण नाही. कुत्रं भुंकलं की मी दाराकडे बघायचो. कंपनीत सुपरवायझर सहज म्हणाला, तेरा किरायेदार आजकल दिखता नहीं, तर माझ्या हातातला पाना पडला. गठ्ठा गाडावा तर आमची जमीन ओली, जाळावा तर गावठाणात घराला घर चिकटलेलं, धूर दिसला की चार बाया विचारणार, काय जाळतंस रं?

आणि आईच म्हणाली, घरान कागूद हाय का, टोपल्या लिपायच्या हायेत. आमच्याकडे दर वर्षी कागद भिजवायचा, त्यात मेथी घालून कुटायचा आणि त्या लगद्यानं जुन्या टोपल्या, सुपं लिपून काढायची. मी माळ्यावर चढलो आणि गठ्ठा तिच्यापुढे टाकला. ती म्हणाली, ह्यो वसंताचा नाय? मी म्हणालो, तोच देऊन गेलाय.

घमेल्यात सगळ्यात वर तो बगळा होता, पाणी पीत पीत खाली गेला. आईचे हात मनगटापर्यंत लाल. मी ओरडलो, हात धू आधी. ती लगदा कुटतच राहिली. टोपल्या अंगणात वाळत घातल्या, पांढऱ्यात लाल-निळे ठिपके, आणि त्याच दिवशी गावात पोलिसांची जीप शिरली. मी दाराआड उभा. जीप टाकीपाशी थांबली, त्यांनी पाणी भरलं आणि निघून गेली. आमच्या घरी कधीच आली नाही.

वसंता सुटून आला तो वाळलेला, केस कापलेले. पहिलं विचारलं, गठ्ठा? मी म्हणालो, पोलिसांनी नेला. तो माळ्याकडे बघत राहिला. खरं वाटावं म्हणून मी आणखी म्हणालो, घरात शिरले ते सरळ माळ्यावरच चढले. बस, एवढंच. तो म्हणाला, सरळ माळ्यावर? मग हळूच, माळ्याचं पांडुरंगाशिवाय कोणाला माहीत होतं? आई चहा घेऊन दारात उभी होती, तिनं ऐकलं, कप ठेवला आणि आत गेली. मी तोंड उघडायला हवं होतं. पण साहेब, तो माझ्याकडे नाही, दुसरीकडे बघत होता, आणि मला हायसं वाटलं. त्यानंतर आईनं कधी कागदानं टोपली लिपली नाही.

वसंता खोली सोडून गावी गेला. पांडुरंग माझ्याकडे यायचा, म्हणायचा, दादा, तू होतास ना तिथं, सांग ना त्याला, मी पोलिसांना काही बोललो नाही. मी म्हणायचो, सांगतो रे. पुढं मी कायम झालो, आता कसली भीती, पण पांडुरंग गल्लीत दिसला की मी मागच्या दारानं निघायचो. वसंता वारल्याचं त्यानंच येऊन सांगितलं. म्हणाला, शेवटपर्यंत बोलला नाही रे माझ्याशी.

मग पांडुरंग नावड्याला राहायला गेला. एकदा मी मन घट्ट करून ही टोपली घेऊन गेलो. माझ्या बायकोनं तीत शेवग्याच्या शेंगा घातल्या होत्या. पांडुरंगानं शेंगा काढल्या, टोपली उजेडात धरली, बोटानं ठिपके चाचपले, म्हणाला, वा, लाल काय सुरेख उतरलाय, कशानं केला? मी म्हणालो, आईला विचारायला हवं होतं. त्यानं चहा पाजला, गुडघ्याचं विचारलं, रिकामी टोपली माझ्या हातात दिली.

आता तोही नाही. टोपली तुम्ही न्या, तुमच्या काचेत ठेवा, छापणाऱ्याचं नाव लिहा. तुमचं भलं होवो. नावड्याला जाताना सगळ्या वाटेनं मी एकच वाक्य घोकत होतो, ते अजून तसंच घशात आहे. पांडुरंगा, माफ कर, पोलीस आलेच नव्हते.