चोपलेली कुंडी

...आणि वर मलाच विचारतो, ‘आजोबा, ही कुंडी आहे की फरशी?’ रोपवाटिकेतला माळी हो! कुंडी उलटी धरली तरी माती पडेना. त्यानं टिचकी मारली तर टणटण वाजली! आता तुम्हाला सांगतो, माती म्हटली की चोपायची, एवढंच मला ठाऊक. जन्म गेला त्यात. घराचा पाया घ्या, ओटा घ्या, रस्ता घ्या... लांब दांड्याला जड लोखंडी ठोकळा, धुम्मस म्हणतात त्याला, तो उचलायचा आणि आदळायचा. मुकादम मागून टाच आपटत यायचा. टाच रुतली की, ‘काय रे, गादी घातलीस का माझ्यासाठी? चोप पुन्हा!’ की चोप पुन्हा. अशा माणसाच्या ताब्यात जास्वंदीची कुंडी द्यावी का कुणी? हात काही ऐकत नाहीत हो!

कुंडी माझी नव्हेच. आमच्या हिची. हिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आमच्या घरात बोलायचं काम तिचं. ‘अहो, ऐकताय का? अहो, मी भिंतीशी बोलतेय का?’ आणि मी आपला ‘हं’. आता ‘हं’ ती म्हणते आणि बोलायचं माझ्यावर आलंय. म्हणून तर तुम्हाला धरून बसवलंय. सवय नाही ना, तोंड एकदा उघडलं की मिटायचं कसं तेच कळत नाही...

तर खाट खिडकीशी, खिडकीत जास्वंद. दिवसभर तिकडेच बघायची. मी घास पुढे केला की आधी फुलाकडे बघणार, मग तोंड उघडणार. म्हटलं, हे झाड माझ्या बायकोला जेवू घालतंय, याला जपलं पाहिजे. म्हणून रोज पाणी, आणि पाणी घातलं की माती... थोपटायची. कडेकडेनं अंगठा, मग वरून तळवा. लेकराला थोपटावं ना, तसं. माया हो, दुसरं काय?

पानं पिवळी पडायला लागली. पाणी वरच डबकं करून थांबायचं. पुढे पुढे तेच पाणी कडेनं सुळकन खाली जायला लागलं. मी खूश! म्हटलं, वा, प्यायला लागलं की! कसलं पितंय? माळी म्हणाला, ‘माती आवळून कुंडीपासून सुटलीय आजोबा, पाणी फटीतनं पळतंय. मुळं कोरडीच. मुळांनाही हवा लागते, दाबू नका हो!’ तोवर कळ्या गळल्या होत्या. आणि एक दिवस हिनं मान वळवली, भिंतीकडे. घास पुढे केला तर ओठ मिटलेले. ‘अगं, एक तरी घे.’ नाही. ‘अगं, करतो ना मी जास्वंद बरी.’ नाही!

मग सुरू झाली माझी दुरुस्ती. हिची विणकामाची सुई घेतली आणि मातीत भोकं पाडली, हवा जावी म्हणून. झकास पडली! मागे सरून बघतो तर काय... पाडता पाडता मीच अंगठ्यानं बुजवत आणलेली. हात काही ऐकत नाहीत!

शेवटी माळ्यानं सांगितलं तसं केलं. कुंडी बादलीत भिजत ठेवली, मुळांसकट मातीचा गड्डा बाहेर काढला, कडेची मुळं बोटांनी सुटी केली, जुन्या मातीत जाड वाळू, कुजलेला पालापाचोळा, जुनं खत कालवलं. भुसभुशीत, अगदी फुंकर मारली तर उडावी अशी. भरली कुंडीत. आणि बघतो तर... दाबलेली! पुन्हा काढली, पुन्हा भरली, पुन्हा दाबलेली. लेक फोनवर ओरडते, ‘बाबा, हात मागे बांधून ठेवा तुमचे!’ अगं बये, मग भरू काय पायानं?

हरलो. सगळं उचलून खाटेवर आणलं, चादरीवर कुंडी ठेवली, म्हटलं, ‘अगं, तूच भर. मला नाही जमत.’ कितीतरी वेळ भिंतीकडेच. मग डावा हात सरकत सरकत आला. त्या हातात जोर कुठला? चमचा धरवत नाही. मूठ भरली, निम्मी चादरीवर सांडली, उरलेली कुंडीत पडली. पडली तशी राहिली. दाबायचं बळच नाही हो त्या हातात... आणि मातीला नेमकं तेच हवं होतं. अख्खी दुपार गेली. मी दोन्ही हातांनी रोप सरळ धरून बसलो, बोट लावलं नाही मातीला. मग पाणी घातलं. वर थांबलं नाही, कडेनं पळालं नाही. हळूहळू मुरत गेलं. त्याचा बारीक आवाज येतो, माहीत आहे का तुम्हाला? मला नव्हता माहीत. दोघं ऐकत बसलो...

नवं पान फुटलं म्हणावं तर तसंही नाही. माळी म्हणतो, वाट बघा. डॉक्टर हिच्याबद्दल तेच म्हणतात, वाट बघा. घास मात्र त्याच संध्याकाळी घेतला तिनं. एकच. पण घेतला.

तेवढ्यात हिला बघायला येणाऱ्या नर्सबाई आल्या, चादर बघून कपाळावर हात! ‘बाबा, आजारी माणसाच्या खाटेवर चिखल? आता ही धुणार कोण?’ कोण म्हणजे? मी धुतो की! पाण्यात बुडवायची, दगडावर आपटायची, वरून धोपटण्यानं चांगली बडवायची... घरात एवढी एकच गोष्ट उरलीय, जी मी कितीही बडवली तरी मरत नाही.