आत गेलेला डोळा

...आवं, कसलं पटतंय! तुमास्नी सांगतो, माणसाचा डोळा एकवेळ आपसूक आत जाईल, पर तो आपसूक गेला हे भावकीच्या टाळक्यात जायाचं न्हाई! त्र्याहत्तर सालची गोष्ट. आमचा आकाराम, तालमीतला गडी. हळूहळू त्याचा डावा डोळा खोबणीत बसला, गाल चेपला... दुखणं न्हाई, खुपणं न्हाई! चुलता लालासाहेब, पलटणीतनं पेन्शनीवर आलेला, एक दिवस मिशा पिळत म्होरं हुबा, "कुणी मारलं? नाव सांग!"

"आवं तात्या, कुणीबी न्हाई."

"मंग डोळा काय चालत गेला?" आन् ठिवून दिली की कानफटात! आता ज्याला कुणी मारलंच न्हाई, त्याला कुणी मारलं हे इचाराय मारायचं... हाय का न्याव? पर आमच्याकडं पैलवानानं मार खाल्लेला चालतंय, मारणाऱ्याचं नाव लपवलं की भावकीचं नाक गेलं! चुलतभाव बसले छाताडावर. "नाव सांग!" लाथ. "नाव सांग!" बुक्की. दात पडला, पाठ सोलून निघाली, आन् जीव वाचवाय म्हणून आकारामच्या तोंडाला यील ते नाव आलं, "गुंडा!"

गुंडा शेजारच्या गावचा पैलवान. बिचारा वड्याला म्हशी धूत व्हता. ट्रॉली भरून आमची माणसं गेली, काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे... "आरं पर मी केलं काय?" म्हणूस्तवर हात मोडला, बरगड्या मोडल्या, म्हशीलाबी दोन बसल्या! सांजच्याला त्यांचं गाव आलं आमच्यावर. कौलं फुटली, लालासाहेबाचं टाळकं फुटलं, मंग पोलिस, मंग सांगलीचं कोर्ट! आमचा वकील खूश, "आकारामचा डोळा हाच आपला पुरावा!"

इकडं आकाराम बायकोला, शालूला, घिऊन गुपचूप मिरजंला दवाखान्यात गेला. डॉक्टरनं फोटू काढला आन् म्हणाला, "गालाच्या हाडात पोकळी असते. तिची नाकातली वाट बंद झाली, हवा मिळेना, म्हणून पोकळी आक्रसली आणि डोळा खाली बसला. तुम्हाला कुणी मारलेलं नाही. ऑपरेशन करू, पण लवकर या, नाहीतर आणखी आत जाईल."

कुणी मारलेलं न्हाई! आवं, एवढं आयकाय आकाराम तरसला व्हता, तिथंच हुंदके दिऊन रडला. फोटू छातीशी धरून पळत घरी आला.

लालासाहेबानं फोटू उन्हात धरून बघितला, सगळं नीट आयकून घेतलं, आन् शांतपणे म्हणाला, "लेका, डोळा नीट झाला तर गुंडाला कशापायी बडीवला म्हणून जज्जाला सांगायचं? निकाल लागूस्तवर हाय तसा ऱ्हाऊ दे. ऑपरेशनचं नाव काढलंस तर उजवाबी आत घालीन!"

त्याला झाली आता चार वर्सं. तारीख पुढं पुढं चाललीया... आन् डोळा आत आत.