ओडीलची गुरुवारची दाढी

...आणि वर मलाच विचारते, "मालकाची सही कुठाय?" अहो, मालक मीच! आमच्या निनोव्ह गावात, स्टेशनमागच्या गल्लीत एकतीस वर्षं माझं केस कापायचं दुकान, खुर्च्या दोन आणि माणूस एक. कात्री धरणारा मी, केस झाडणारा मी, उशीर झाला म्हणून स्वतःवर डाफरणाराही मीच! पण फंडाच्या खिडकीत बसणाऱ्या त्या सबीनला हे पटेल तर ना... फंड म्हणजे आजारपणाचा हो, आपण धडधाकट असताना भरत राहायचं आणि आडवे पडलो की त्यांनी आपल्याला पोसायचं, निदान छापलंय तरी असं. तर सबीन चष्म्यावरून बघत म्हणते, "मग मालकाला सांगा सही करायला." मी तिथेच सांगितलं, त्याने तिथेच केली. डाव्या हाताने! कारण उजवा खांदा... बघा, मुख्य गोष्ट राहिलीच.

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं कोपर वर उचलून कात्री चालवली, त्यात खांद्यातली दोरी झिजत गेली आणि एका बुधवारी पोस्टमनचे कल्ले काढताना टक्कन तुटली. पोस्टमन एकाच कल्ल्याने टपाल वाटत फिरला, चार दिवस! मग ऑपरेशन, मग पट्टा, मग व्यायाम... हात छातीच्या वर जाईना म्हणजे जाईना. खाली सगळं झकास. सूप पितो, बटाटे सोलतो, बुटाची नाडी बांधतो. पण गिऱ्हाइकाचं डोकं कुठे असतं? वरच ना! आता पोटात असतं तर माझा धंदा एक दिवस बंद राहिला नसता.

सबीन म्हणाली, "भत्ता सुरू होईल. पण नीट ऐका. काम बंद म्हणजे बंद! एक केस कापलात तरी भत्ता गेला."

"माझा स्वतःचा कापला तर?"

"...विचारून सांगते."

अजून सांगतेय.

तर दुकान बंद. पण माणसांना कोण सांगणार? सवयीने येतात, दार ढकलतात, रांगेत बसतात, सायकलच्या शर्यतीवर भांडतात. कापायला कुणी नाही हे सगळ्यांना ठाऊक, तरी "आधी माझा नंबर!" चालूच. माझी बायको गोडेलिव्ह कॉफी द्यायची. झालं! सबीनचा फोन, "तुम्ही कॉफीचा धंदा काढलाय असं कळलं." मी म्हटलं, बाई, फुकट देतोय! तर म्हणे, "फुकट असो नाहीतर काही असो, काम बंद म्हणजे बंद!" शेवटी गोडेलिव्हने दाराला आतून कडी घातली. तर ते शहाणे खिडकीबाहेर उभे राहून, काचेतून मला खुणा करून विचारायला लागले, कधी उघडणार? मी आतून हात हलवून सांगायचो, नाही उघडणार... आणि तो हातही छातीपर्यंतच! लोकांना वाटायचं, बोलावतोय.

अशात ओडीलची मुलगी आली. रोझान. ओडील म्हणजे माझं पहिल्या आठवड्यापासूनचं गिऱ्हाईक, वय अठ्ठ्याऐंशी, शर्यतीची कबुतरं पाळणारा, दर गुरुवारी दहा वाजता दाढीला हजर. बर्फ पडो, संप असो, बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा आला होता. इस्पितळाने त्याला घरी पाठवलं होतं. का पाठवतात ते तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगणार. मागच्या खोलीत खिडकीशी पलंग टाकलेला, म्हणजे परसातला कबुतरांचा माळा दिसावा.

रोझान उभ्यानेच म्हणाली, "काही खात नाहीत, काही मागत नाहीत. फक्त विचारतात, गुरुवार आला का?"

मी गोडेलिव्हकडे बघितलं. गोडेलिव्ह म्हणाली, "काम बंद म्हणजे बंद, फिर्मिन. डोकं ठिकाणावर ठेव." असं म्हणून स्वयंपाकघरात गेली. मी आपला बसलो. पाच मिनिटांनी बाहेर आली तर हातात पिशवी. आत ब्रश, साबण, वस्तरा, धुतलेला टॉवेल. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मी ब्रेड आणायला चाललेय. मी काही बघितलेलं नाही."

गेलो. काय करणार? पलंग इतका खाली की माझं कोपर उशीवर टेकलं, हात उचलायचा प्रश्नच नाही! फेस केला. गालफडं बसली होती, कातडी ताणून धरावी लागत होती. डोळे मिटूनच ओडील म्हणतो, "आज हात जड आहे तुझा."

"दोन महिने धरला नाही वस्तरा. गप्प पडा, ओठ कापेन."

"काप. मला आता कुणाचा मुका घ्यायचाय?"

हनुवटीखालची ती खळी, तिथे दर वेळी एक केस राहायचा आणि ओडील दर वेळी ओरडायचा. ती दोनदा केली. मग आरसा धरला. बराच वेळ बघत होता. म्हणाला, "लग्नाला निघाल्यासारखा दिसतोय की रे." मी खिडकीबाहेर बघत टॉवेलच्या घड्या करत बसलो, टॉवेल एकच होता.

पैसे नको म्हटलं तर भडकला, "पैसे कोण देतोय तुला? कबूतर घेऊन जा!" आणि रोझानने खोक्यात घालून दिलं, करड्या पंखांचं, चांगल्या घराण्यातलं. शनिवारी ओडील गेला.

आता गंमत ऐका. आमच्याकडे माणूस गेला की घरचे पेपरात आभार छापतात. डॉक्टरांचे, नर्सचे, पाद्रीबुवांचे. आणि शेवटी, ठळक अक्षरांत, "आणि केशकर्तनकार फिर्मिन यांचे, ज्यांनी गुरुवारी येऊन बाबांची दाढी केली." बिचारीने प्रेमाने छापलं हो! गावभर वाचलं. फंडाच्या डॉक्टरनेही वाचलं.

बोलावणं आलं. टेबलावर कात्रण, खाली लाल रेघ. डॉक्टर माणूस बरा, थकलेला, कॉफीही विचारली. म्हणाला, "मिस्टर फिर्मिन, हे काम होतं की मैत्री?"

मी म्हटलं, "एकतीस वर्षं दर गुरुवारी, डॉक्टर... हे मलाच कुठे ठाऊक आहे?"

"मोबदला घेतला?"

खोटं बोलता येत नाही हो मला, कान लाल होतात. म्हटलं, "कबूतर."

त्याने पेन खाली ठेवलं. "कुठाय ते कबूतर?"

"दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं, पाणी ठेवायला. उडालं. ओडीलच्या माळ्यावर परत गेलं. शर्यतीचंच ते, घरीच जाणार."

डॉक्टरने पेन उचललं आणि सावकाश लिहिलं, 'मोबदला परत गेला.' माझ्याकडे बघून हसलासुद्धा. सुटलो असं वाटलं! उठायच्या बेतात होतो, तर सहज विचारल्यासारखं म्हणाला, "अशा खांद्याने दाढी म्हणजे बरंच कापलं असेल म्हाताऱ्याला?"

आणि इथे, तुम्हाला सांगतो, इथे माझी जीभ घसरली! मी ताडकन उभा राहिलो, "कापलं? मी? एक ओरखडा नाही! रोझानला विचारा! हनुवटीची खळीसुद्धा लोण्यासारखी!"

"अस्सं," डॉक्टर म्हणाला. "म्हणजे माणूस आडवा असेल तर हात चालतो."

आठवड्यात कागद आला. मंगळवारी आणि गुरुवारी अर्धवेळ कामाची परवानगी, भत्ता त्या मानाने कमी, आणि खाली अट, 'फक्त आडव्या स्थितीतील गिऱ्हाइके.' मी सबीनकडे गेलो, म्हटलं, बाई, दुकानात आडवा कोण येतो? ती म्हणे, "खुर्ची मागे वाकवा." अहो, सत्तर सालची खुर्ची, अर्धी वाकते आणि अडते! पोस्टमन म्हणाला, मी बाकावर झोपतो. झोपला. खरंच झोपला, घोरायला लागला, टपाल तसंच राहिलं आणि गल्लीने माझ्या नावाने शंख केला.

आणि मग फोन आला देस्मेटचा. देस्मेट म्हणजे गावातली अंत्यविधीची कामं बघतो तो. "फिर्मिन, तुला कागद मिळाला म्हणे? आमच्याकडे सगळे आडवेच असतात."

मी सबीनला विचारलं. तिने अट पुन्हा वाचली, बोट ठेवून वाचली आणि म्हणाली, "आडवे आहेत ना? मग बसतं नियमात."

तेव्हापासून मंगळवार-गुरुवार मी तिकडे असतो. तसं वाईट नाही. मान हलवत नाहीत, खांद्याला त्रास नाही, कुणाला घाई नाही, आणि दाढी आवडली नाही असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. फक्त एक आहे... एकतीस वर्षं गिऱ्हाइकांनी बोलायचं आणि मी "हं, हं" करायचं, अशी सवय. आता तिथे बोलायचं मीच आणि "हं" म्हणायचंही मीच. म्हणून तर मघापासून तुम्हाला धरून बसवलंय... अहो, नुसतं ऐकताय काय, एकदा तरी "हं" म्हणा की!